घोडीचा मागचा पाय अडकायचा, त्यावर आम्ही काय काय केलं

तट्टू किंवा घोडी सकाळी तबेल्यातून बाहेर काढताना मागचा एक पाय मागेच ताठ राहतो, खुराचं टोक जमिनीवर घासत येतं आणि मग खटकन सुटून पाय पुढे येतो, असं ज्यांच्याकडे चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. आम्ही यातून गेलोय, अजून थोडं जातोच आहोत. तेव्हा शोधाशोध केली तर जे सापडलं ते बहुतेक परदेशातल्या पोनींबद्दलचं होतं, तिकडची कुरणं, तिकडचे तबेले, आणि त्यातलं वाईच्या चिखलात काय लागू पडतं ते इथे करूनच कळलं.

आमची साळू भीमथडी जातीची घोडी आहे. कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी अंगाची, चार वर्षांची, खांद्याजवळ साधारण सव्वाशे सेंटिमीटर. बारामतीकडच्या एका मेंढपाळ कुटुंबाकडून घेतलेली. भीमथडी म्हणजे या लोकांचं ओझ्याचं जनावर, दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरांसकट त्यांचा तांडा, कोकणाकडे निघतो आणि पावसाच्या तोंडावर परत येतो, तेव्हा सगळं बिऱ्हाड, कोकरं, कोंबड्या, कधी लहान पोरंसुद्धा या घोड्यांच्या पाठीवर. म्हणजे जन्मल्यापासून ही रोज चालत आलेली. आमच्याकडे आल्यावरही ती माळावर मोकळी असायची आणि माझी मुलगी तिच्यावर बसायला शिकत होती, सगळं छान चाललं होतं.

मग उन्हाळ्याच्या शेवटी तिला पुढच्या पायाला काटेरी तार लागली, खोल जखम, टाके पडले आणि डॉक्टरांनी सांगितलं की जखम भरेपर्यंत फिरवायचं नाही. ते बरोबरच होतं. पण जखम भरत आली तोवर पाऊस सुरू झाला, माळाचा नुसता चिखल, त्यामुळे ती तशीच आत उभी. पुढचा पाय मस्त बरा झाला आणि एका सकाळी डावा मागचा पाय पुढे येईना.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं पाय मोडलाच. पाय मागे लाकडासारखा ताठ, गुडघा वाकत नाही, खालचा सांधा वाकत नाही, फक्त अगदी खाली खुराच्या वरचा सांधा वाकलेला आणि खुराचा पुढचा भाग जमिनीला टेकलेला. ती घाबरून तीन पायांवर उड्या मारायला लागली आणि त्या गडबडीतच कट्ट असा आवाज आला, पाय सुटला, आणि पुढच्या मिनिटाला ती नॉर्मल चालत होती. संध्याकाळी परत तेच.

हे नक्की काय होतं ते सांगते, कारण हे कळल्याशिवाय पुढचे उपाय का केले ते कळणार नाही. मागच्या पायात वर, पोटाजवळ जो सांधा असतो त्याला इंग्रजीत स्टायफल म्हणतात, आपल्या गुडघ्याच्या जागी घोड्याला तो सांधा. त्याच्यावर आपल्यासारखीच वाटी असते आणि ती वाटी तीन लिगामेंटनी, म्हणजे चिवट पट्ट्यांनी, खाली पायाच्या हाडाला बांधलेली असते, आतलं, मधलं आणि बाहेरचं. मांडीच्या हाडाच्या टोकाला आतल्या बाजूला एक मोठा उंचवटा आहे. घोडा उभ्या उभ्या आराम करतो तेव्हा वाटी वर सरकवून आतलं लिगामेंट या उंचवट्यावर अडकवून ठेवतो, दाराला कडी घालावी तसं, म्हणजे स्नायूंना फारसा जोर न लावता पाय उभा राहतो. एक मागचा पाय सैल सोडून घोडा डुलक्या घेत असतो ना, तेव्हा दुसऱ्या पायाची वाटी अशी अडकवलेली असते. गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, पण डुलकी अशी उभ्यानेच. मग चालायचं झालं की मांडीचा पुढचा स्नायू वाटीला किंचित वर उचलतो, लिगामेंट उंचवट्यावरून निसटतं आणि पाय वाकतो. हा स्नायू सैल पडला तर वाटी वेळेवर निघत नाही. आणि स्टायफल आणि त्याच्या खालचा हॉक हे दोन सांधे एकमेकांना असे जोडलेत की एक वाकला तरच दुसरा वाकतो, म्हणून सगळा पाय एकदम ताठ होतो.

लहान चणीच्या पोनींमध्ये हे जास्त दिसतं, शेटलँड तर यासाठी प्रसिद्धच आहेत. त्यात वय कमी, अंग भरलेलं नाही, मागचे पाय बाजूने बघितले तर जरा जास्तच सरळ, आणि वर सक्तीची विश्रांती, म्हणजे साळूमध्ये जवळजवळ सगळंच जुळून आलं होतं.

गावात एवढी मोठी गोष्ट लपत नाही. कुणी वात म्हणालं, कुणी नजर म्हणालं. साळू ज्यांच्याकडून घेतली त्या आबांना फोन केला तर ते लगेच म्हणाले, "ताई, वाड्यावरची घोडी हाय ती, बांधून ठिवली का पाय धरतीया. चालवा तिला. आन् न्हाईच सुटला तर मांडीवर डाग द्या." चालवा हे मी मनापासून ऐकलं, डाग मात्र नाही दिला. तापवलेल्या सळईने डागून लिगामेंटचं काय होणार, कातडी जळते, जनावराला भयंकर वेदना होतात आणि मग ते कुणाला मागच्या पायाला हात लावू देत नाही, जे या आजारात तर रोजच लावावं लागतं. आबांबद्दल मला फार आदर आहे, त्यांच्या घोड्यांच्या चाली बघाव्यात, पण या एका बाबतीत मी त्यांना सरळ नाही म्हटलं आणि त्यांनीही ते मनाला लावून घेतलं नाही.

आमचे सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी बघताच ओळखलं, कारण बैलांमध्ये आणि म्हशींमध्ये ही वाटी अडकणं त्यांनी कितीतरी वेळा बघितलंय. गाईगुरांमध्ये उभ्या उभ्याच, ती जागा बधिर करून आतलं लिगामेंट कापतात आणि जनावर तिथल्या तिथे नीट चालायला लागतं. मी म्हटलं मग करून टाका की. तर डॉक्टर म्हणाले, बैलाचं मी आत्ता करून देईन, घोड्याचं नाही, घोड्याला त्याच पायावर पळायचं असतं, आधी शिरवळला नेऊन सांधा तपासून घ्या. त्यांचं हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं.

शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आमच्याकडून खंबाटकी ओलांडली की आलंच. पिकअपमध्ये खाली उसाचं पाचट जाड अंथरून, बाजूला पोती बांधून नेली. तिथल्या तपासणीबद्दल जरा सविस्तर लिहिते. आधी सरळ कडक जमिनीवर चालवली, मग दुडक्या चालीने नेली, समोरून, मागून, बाजूने बघितलं. मागचा पाय दुखत असला की घोड्याचं डोकं बघून नीट कळत नाही, पुठ्ठा, म्हणजे कमरेमागचा भाग, बघायचा. दोन्ही बाजूच्या पुठ्ठ्याच्या हाडावर पांढरी चिकटपट्टी लावायची आणि मागून बघायचं, दुखऱ्या बाजूची पट्टी दुसरीपेक्षा जास्त वरखाली होते. हे मी नंतर घरी मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट करायला लागले आणि सगळ्यांना सांगेन की पहिल्या दिवसापासून व्हिडिओ काढा, कारण डॉक्टर आले की हमखास पाय अडकत नाही.

मग पाय वर वाकवून काही वेळ धरून ठेवला आणि सोडल्यासोडल्या दुडकवलं, लंगडणं वाढतंय का बघायला. खूर दाबून बघितलं. हॉक बघितला. स्टायफलच्या पुढच्या बाजूला हाताने चाचपून सांध्यात पाणी धरलंय का बघितलं. मग एक्सरे आणि सोनोग्राफी. हे सगळं कशासाठी, तर नुसतं अडकणं वेगळं आणि सांधाच खराब असणं वेगळं. कमी वयाच्या घोड्यात याच सांध्यात कूर्चा नीट तयार न झाल्यामुळे तुकडा सुटलेला असू शकतो, तिथे पाणी धरतं, घोडा सतत लंगडतो, आणि अशाला चालवत बसलात तर वाट लागेल. अजून एक दुखणं असतं त्यात घोडा मागचा पाय झटक्यात वर पोटापर्यंत उचलतो, ते स्ट्रिंगहाल्ट, तो वेगळा प्रकार आहे, आमच्यात पाय वर जात नव्हता, मागे राहत होता. साळूचा सांधा स्वच्छ निघाला. पाणी नाही, तुकडा नाही, वाकवून दुडकवल्यावरही फरक नाही. म्हणजे दुखणं जवळजवळ नव्हतंच, वाटी उशिरा सुटत होती एवढंच.

तिथल्या डॉक्टरांनी तीन पायऱ्या सांगितल्या. आधी काही महिने व्यायाम, खाणं आणि खूर. त्याने भागलं नाही तर त्या आतल्या लिगामेंटला वरच्या टोकाजवळ बारीक बारीक छेद द्यायचे, त्याने ते सुजतं, भरताना जाड होतं आणि उंचवट्यावर तेवढं अडकत नाही. आणि अगदी शेवटी, पाय अडकून सुटतच नसेल तर, ते कापायचं. कापल्यावर वाटीला आतून आधार राहत नाही, पुढे वाटीचं टोक झिजण्याची किंवा त्याचे तुकडे पडण्याची भीती असते, आणि घोड्याला नंतर दोन-तीन महिने तरी सक्तीची विश्रांती द्यावी लागते. आमची घोडी विश्रांतीनेच बिघडलेली, त्यामुळे मला पहिली पायरी मनापासून पटली.

आता तो व्यायाम. सगळं सरळ रेषेत. गोल गोल फिरवायचं नाही, लांब दोरीवर छोट्या गोलात तर अजिबात नाही, कारण वळतानाच वाटी जास्त अडकते आणि सांध्याला पीळ पडतो. मऊ खोल वाळू नाही, चिखल नाही. सुरुवातीला मोरकी धरून सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं डांबरी रस्त्याच्या कडेने सरळ चाल, पाठीवर कुणी नाही. मुलीचं बसणं पूर्ण बंद, कारण दुडकीतून चालीवर येताना पाय अडकला तर घोडी मागून बसते आणि बसणारा पडतो. मुलगी रडली, पण मोरकी धरून शेजारून चालायला तीच यायची.

मग हळूहळू चढ. आमच्या मागे माळाचा उतार आहे, गवती, ना फार खडकाळ ना फार मऊ. चढताना मागच्या पायांना ढकलावं लागतं आणि नेमका तोच मांडीचा पुढचा स्नायू भरतो. उतरणं मात्र पहिल्यांदा अवघड जातं, उतारावरच पाय जास्त अडकतो, म्हणून येताना आम्ही लांबच्या वळणाने मंद उताराच्या वाटेने यायचो. नंतर बांबू आणले, जमिनीवर एकेका पावलाच्या अंतरावर टाकले आणि त्यावरून चाल, मग बांबूची टोकं विटांवर ठेवून थोडी उचलली, म्हणजे तिला पाय जाणून उचलावा लागतो. आणि मागे सरकवणं, रोज पाचसहा पावलं मागे, घाई न करता, मान खाली ठेवून. ह्या मागे सरकण्याचा दुहेरी फायदा, स्नायूही भरतो आणि पाय अडकला तर सोडवायचीही तीच पहिली युक्ती. मोरकी धरून छातीवर हात ठेवून मागे ढकलायचं, बहुतेक वेळा वजन मागे गेलं की सुटतो. नाहीच सुटला तर एकाने खुराच्या वर दोरी घालून पाय पुढे ओढायचा आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून वाटी आत आणि खाली दाबायची. मागे उभं राहू नका, सुटताना पाय जोरात येतो. काही लोक चाबूक वाजवून घोड्याला दचकवतात, तसं करू नका, सांध्याला हिसका बसतो आणि घोडी माणसाला घाबरायला लागते.

दुसरं म्हणजे रात्रीचं बांधणं बंद केलं. पिछाडी, म्हणजे मागच्या पायाला बांधायची दोरी, काढून टाकली. तबेल्याची एक भिंत काढून समोर मुरूम टाकून छोटं आवार केलं, वर पत्रा, बाजूने बांबूचं कुंपण, म्हणजे पावसातही ती आपली आपण फिरते. खर्च झाला, मुरमाचे ट्रॅक्टर स्वस्त नाहीत, पण सगळ्या उपायांत मला वाटतं ह्याचाच वाटा मोठा. दिवसातून दोनदा चालवून उरलेला वेळ खुंट्याला बांधली तर काही उपयोग नाही.

खाण्याचं. घोडी बारीक झाली होती, फासळ्या नाहीत पण पुठ्ठा उतरलेला. वजनकाटा कुठून आणणार, म्हणून टेपने मापायचो. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याला त्याच आकड्याने गुणायचं, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं, किलोमध्ये अंदाजे वजन येतं. साळूचं घेर १४०, लांबी १३५, म्हणजे साधारण २२३ किलो. रोजचा कोरडा चारा वजनाच्या दोन टक्के धरला तर साडेचार किलोच्या आसपास. आम्ही वाळलेलं गवत आणि ज्वारीचा कडबा पोटभर, त्यात लसूणघास, आणि स्नायूंसाठी थोडी सोयाबीनची पेंड. सासरे म्हणायचे हरभरा वाढवा, घोडी हरभऱ्यावरच पोसते. भिजवलेला हरभरा आम्ही मूठभर ठेवला, पण पोनीला धान्य भसकन वाढवलं तर पोटशूळ आणि खुराला सूज येण्याचा धोका असतो, त्यामुळे तो वाद मी जिंकला. उद्देश चरबी वाढवायचा नव्हता, मांडी भरायची होती.

खुरांकडे लोक लक्षच देत नाहीत. साळूच्या खुराचं टोक लांब झालं होतं आणि टाच खाली बसलेली. लांब टोकामुळे पाय जमिनीवरून उचलायला उशीर होतो आणि अडकणं वाढतं. आमचे नालबंद पाचगणीच्या टेबललँडवरच्या घोड्यांचं काम करतात, त्यांनी टोक छोटं करून पुढून गोल घासलं, टाच तशीच ठेवली, आतबाहेर दोन्ही बाजू सारख्या केल्या, नाल ठोकला नाही. आता पाच-सहा आठवड्यांनी ते येतातच, खूर वाढलेलं दिसो वा न दिसो.

महिन्याभरात फार फरक नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण ह्याच टप्प्यावर लोक कापायला निघतात. स्नायू भरायला वेळ लागतो. मी वहीत रोज एवढंच लिहायची, सकाळी पहिल्या पावलाला अडकला का, वळताना अडकला का, उतारावर अडकला का. दुसऱ्या महिन्यात उतारावरचं कमी झालं, मग वळतानाचं. सकाळच्या पहिल्या पावलाचं सगळ्यात शेवटी गेलं.

आणि मग ऐन गणपतीत ती एका सकाळी त्याच डाव्या मागच्या पायावर उभीच राहीना. घरात सगळ्यांचा चेहरा उतरला, वाटी परत अडकली, आता ऑपरेशन. पण पाय वाकत होता. वाटी अडकली की पाय वाकत नाही आणि दुखतही नाही फारसं, इथे ती पाय वाकवून वर धरत होती आणि टेकवला की लगेच उचलत होती. खुराला हात लावला तर दुसऱ्या खुरापेक्षा गरम, आणि खुराच्या वर मागच्या बाजूला बोट ठेवलं तर नाडी ठणठण उडत होती. खुरात पू झाला होता, पावसात नरम पडलेल्या खुरात खडा घुसून हे फार होतं. डॉक्टरांनी तळवा थोडा कोरून काळा पू काढला, आम्ही गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवून ठेवायचो, मग कापूस आणि वरून जाड प्लास्टिक बांधायचो. धनुर्वाताची लस झालीय का हे त्यांनी पहिलं विचारलं, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, लस आधीच दिलेली होती. ताप बघितला, घोड्याचा ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस नॉर्मल असतो, तो ठीक होता. पू निघाल्यावर ती लगेच पाय टेकवायला लागली. तळवा भरेपर्यंत चढ बंद होता, पण आवारात ती मोकळी होती म्हणून स्नायू पूर्ण गेले नाहीत.

तेव्हा वेदनेसाठी मेलोक्सिकॅम दिलं, तेही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत आणि थोडेच दिवस. खेड्यात अजून कुणाकुणाकडे माणसांचं डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन जनावराला टोचायची सवय आहे. जनावरांसाठी ते २००६ पासून आपल्या देशात बंद आहे, ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात. शिवाय वाटी अडकण्यासाठी वेदनाशामक देऊन काही मिळत नाही, ती अडचण दुखण्याची नाहीच, आणि ही औषधं जास्त दिली तर घोड्याच्या पोटात व्रण होतात.

आत्ताची स्थिती अशी की पाय अडकून राहणं बंद आहे. थंडीत पहाटे कधीतरी पहिल्या पावलाला किंचित थबकल्यासारखं दिसतं, ते मला आणि मुलीलाच कळतं. दिवाळीनंतर मुलगी परत बसायला लागली, आधी फक्त सरळ चाल, मग चढावर हलकी दुडकी, गोलात अजून नाही. शिरवळच्या डॉक्टरांनी व्हिडिओ बघून सांगितलं की लिगामेंटला छेद द्यायची गरज आज तरी दिसत नाही, वाढीचं वय आहे, अंग भरेल तसं अजून सुधारेल, पाचव्या वर्षी परत एकदा दाखवा. पुढच्या पावसाळ्यासाठी आवाराच्या खालच्या कोपऱ्यात पाणी साचतं तिथे चर खणायचाय, आणि बांबू बदलायला झालेत, वाळवी लागलीय.